झाकली पिशवी सव्वा लाखाची

नव्या वर्षाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जपानमधल्या मोठ्या दुकानांसमोर रांगा लागतात. दार उघडले की लोक आत शिरतात, तोंड बंद केलेल्या पिशव्या उचलतात आणि पैसे भरून बाहेर पडतात. पिशवीवर किंमत लिहिलेली असते, पण आत काय आहे ते पिशवी फोडल्यावरच कळायचे, ही जुनी रीत. या पिशवीचे नाव 'फुकुबुकुरो'. 'फुकु' म्हणजे भाग्य आणि 'फुकुरो' म्हणजे पिशवी. जोडशब्द होताना 'फु'चा 'बु' होतो. आपल्या संधीसारखाच हा प्रकार. आतल्या मालाची एरवीची एकूण किंमत पिशवीच्या किमतीपेक्षा बरीच जास्त असेल, असा दुकानदाराचा शब्द असतो.

एरवी साधी वही घेतानाही आपण पाने चाळून पाहतो. कापड घेताना पोत बघतो, रंग जाईल का विचारतो, चार दुकाने हिंडतो. असा चोखंदळ माणूस बंद पिशवीसाठी पैसे का मोजतो? आणि दुकानदार तरी ती का विकतो? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत व्यापाराचा इतिहास आहे, थोडे मानसशास्त्र आहे आणि वर्गात सहज करता येईल असे गणितही आहे.

कटपीसची गोष्ट

या पिशवीचे मूळ एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, कापड दुकानांपर्यंत नेले जाते. त्यातले सर्वांत प्रसिद्ध दुकान 'एचिगोया'. मित्सुई ताकातोशी या व्यापाऱ्याने ते १६७३ साली काढले. त्या काळी बडे कापड व्यापारी गिऱ्हाइकाच्या घरी माल घेऊन जात. व्यवहार उधारीचा असे आणि पैसे वर्षातून एकदोनदा मिळत. उधारी बुडण्याची भीती धरूनच किंमत चढवून सांगितली जाई, मग घासाघीस होई. कापडही अख्ख्या ताग्यानेच विकले जाई. जपानी तागा म्हणजे साधारण १२ मीटर लांबीचा अरुंद पट्टा. त्यात एका माणसाचा किमोनो होतो.

मित्सुईने हे सगळे बदलले. १६८३ साली दुकान सुरुगाचो भागात हलवल्यावर त्याने जाहीर केले : व्यवहार रोखीचा, किंमत एकच, चढवून सांगणे नाही. शिवाय हवे तेवढेच कापड फाडून मिळेल. ज्याला अख्खा तागा परवडत नव्हता, असा सामान्य माणूस दुकानाची पायरी चढू लागला.

पण ताग्यातून कापड फाडून द्यायचे म्हटले की शेवटी तुकडे उरणारच. कुठे हातभर, कुठे दीड हात. आपल्याकडच्या कापड दुकानदारालाही कटपिसांचा हा ढीग चांगला परिचयाचा आहे. एकेक तुकडा दाखवून विकायचा तर नोकराचा वेळ जातो आणि टाकून द्यावा तर कापड चांगले असते. हे तुकडे पिशवीत भरून स्वस्तात विकण्याची प्रथा एचिगोयाने पाडली, असे सांगितले जाते. पिशवीला एबिसु या व्यापाराच्या देवाचे नाव होते : 'एबिसु-बुकुरो'. १७१७ साली क्योतोजवळ सुरू झालेल्या 'दायमारू' या दुकानाचेही नाव याच संदर्भात घेतले जाते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या कापड दुकानांची डिपार्टमेंट स्टोअर्स झाली. एचिगोयाचेच १९०४ साली 'मित्सुकोशी' झाले. या मोठ्या दुकानांनी ही प्रथा उचलली आणि ती नववर्षाच्या सणाला जोडली गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या दुकानाने किंमत उघड केली आणि लपवाछपवी संपवली, त्याच दुकानाच्या नावावर बंद पिशवीची ही कथा आहे. हा विरोधाभास वरवरचा आहे. उघड्या मालात फसवत नाही अशी ख्याती असलेल्या दुकानाचीच बंद पिशवी लोक घेतील. पिशवी बंद असली तरी दुकानदाराचा चेहरा उघडा होता.

दुकानदाराचा हिशेब

दुकानदाराच्या बाजूने पाहू. हंगाम संपला आणि ४०० रुपये किमतीचे १०० सदरे उरले, असे धरा. 'अर्ध्या किमतीत' अशी पाटी लावली, तर बऱ्या रंगाचे आणि नेहमीच्या मापाचे ३० सदरे पहिल्याच दिवशी जातील. उरलेले ७० तसेच पडून राहतील. शिवाय पाटी लागली की तो सदरा लोकांच्या नजरेत कायमचा २०० रुपयांचा होतो. पुढच्या वर्षी ४०० मागितले, तर गिऱ्हाईक थांबून सेलची वाट पाहते.

पिशवीत यातले काहीच होत नाही. बऱ्याबरोबर नावडतेही खपते. कुठल्याही एका वस्तूची किंमत चारचौघांत उतरत नाही. जागा मोकळी होते आणि अडकलेले भांडवल सुटते. माल दाखवणे, घड्या घालणे, मापे शोधणे हा व्याप वाचतो.

धोकाही इथेच आहे. आत काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही. अशा बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले. २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्याचा वाटा होता. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि भंगार यांतला फरक दिसत नाही, म्हणून तो मध्यम किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. बाजारात भंगारच वाढत जाते आणि किंमत आणखी घसरते. पिशवीचेही तसेच. नुसता टाकाऊ माल भरला, तर पहिल्या वर्षी सगळ्या पिशव्या खपतील आणि दुसऱ्या वर्षी रांग लागणार नाही. म्हणून शहाणा दुकानदार प्रत्येक पिशवीत किमान काही चांगले घालतो आणि एखाद्या पिशवीत फार चांगले घालतो. त्या एका पिशवीची चर्चा वर्षभर पुरते.

गिऱ्हाईक नेमके काय घेते?

आता घेणाऱ्याचा हिशेब करू. पिशवी ५०० रुपयांची. आत पाच वस्तू आणि त्यांच्या छापील किमतींची बेरीज १२०० रुपये. म्हणजे ७०० रुपयांचा फायदा? पाचांपैकी दोनच वस्तू आपल्या उपयोगाच्या निघाल्या आणि त्या आपण एरवी ३५० रुपयांना घेतल्या असत्या, तर खरा हिशेब १५० रुपये तोट्याचा आहे. बाकीच्या तीन वस्तू दुकानाच्या फळीवरून निघाल्या आणि आपल्या कपाटात येऊन पडल्या. अडगळीचा पत्ता तेवढा बदलला.

किंमत आणि उपयुक्तता यांतला हा फरक डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालच्या आपल्या निबंधात स्पष्ट केला होता. वस्तूची किंमत सर्वांना सारखी असते, उपयुक्तता मात्र ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरते. जपानी तरुण गिऱ्हाइकांनी यावर स्वतःच तोड काढली. दुकानाबाहेर, रस्त्यावरच पिशव्या उघडून ते आपसांत वस्तूंची अदलाबदल करतात. 'माझ्याकडे हे आहे, ते हवे' असे फलक घेऊन उभे राहतात. कोणाच्याही वस्तूची किंमत न बदलता सर्वांची उपयुक्तता वाढते. वस्तुविनिमयाचा इतका जिवंत धडा पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

आणि तरीही तोट्याचा हिशेब ठाऊक असलेले लोक पुन्हा रांगेत येतात. कारण वस्तूंबरोबर ते उत्सुकताही विकत घेतात. पिशवी फोडण्यापूर्वीच्या त्या चार घटकांत सर्व शक्यता खुल्या असतात. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात ती हीच. मूठ उघडली की किंमत खरी होते. रद्दी निघालेल्या पिशवीसाठी जपानी लोकांनी 'उत्सु-बुकुरो' असा शब्द केला. 'उत्सु' म्हणजे उदासी.

या ओढीमागची यंत्रणा बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर तपासली. चार्ल्स फर्स्टर याच्यासह त्याने या प्रयोगांवरचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध केला. ठरावीक संख्येने चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबूतर दाणा खाऊन थोडे विसावते. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला असा अनिश्चितपणे मिळाला, तर ते न थांबता टोचत राहते. दाणे बंद केले तरी बराच वेळ टोचते. वर्षातून एकदा मिळणाऱ्या पिशवीला ही सवय जडायला वाव नाही. रोज घेता येणाऱ्या छोट्या पिशवीला मात्र भरपूर वाव आहे.

शेवटचे चित्र

ही छोटी पिशवी मुलांच्या हाती बरीच आधी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सिगारेटच्या पाकिटांत ताठपणासाठी पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर चित्रे छापली जाऊ लागली आणि ती जमवण्याचा छंद पसरला. इटलीतल्या मोदेना शहरातल्या पानिनी बंधूंनी १९६१ साली फुटबॉलपटूंच्या चित्रांचा आल्बम काढला. चित्रे बंद पाकिटातून घ्यायची आणि आल्बम भरायचा. आपल्याकडे एका पिढीने बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटची चित्रे अशीच जमवली. जपानमध्ये १९६५ सालापासून नाणे टाकून मूठ फिरवली की खेळण्याची डबी बाहेर पडणारी यंत्रे आली. त्यांच्या आवाजावरून 'गाचा' हा शब्द रूढ झाला.

'पूर्ण संच जमवा' म्हटले की गणित कसे बदलते पाहा. दहा प्रकारची चित्रे सारख्याच संख्येने छापली आहेत आणि प्रत्येक पाकिटात एक चित्र आहे, असे धरू. पहिले पाकीट नवे चित्र देणारच. नऊ चित्रे जमल्यावर मात्र दहावे मिळण्याची शक्यता दर पाकिटाला दहात एक. म्हणजे सरासरी दहा पाकिटे त्या एकाच चित्रासाठी. सर्व टप्प्यांची बेरीज अशी :

१० × (१ + १/२ + १/३ + … + १/१०) = सुमारे २९.३

यातली पहिली पाच चित्रे सरासरी साडेसहा पाकिटांत हाती येतात आणि उरलेली पाच जवळजवळ तेवीस पाकिटे खातात! 'अर्धे झाले, आता थोडेच राहिले' असे मुलाला वाटते तेव्हा खर्चाचा चौथा हिस्साही झालेला नसतो. २०२२ सालच्या विश्वचषकाच्या पानिनी आल्बममध्ये ६७० चित्रे होती. अदलाबदल न करता तो भरायला याच सूत्राने सरासरी पावणेपाच हजारांच्या आसपास चित्रे घ्यावी लागतात. मित्रांशी अदलाबदल केली की हा आकडा झपाट्याने उतरतो.

मोबाइलवरच्या खेळांनी ही पिशवी अदृश्य केली. जपानी खेळांत पैसे देऊन गाचा फिरवायचा, चित्रांचा संच पुरा करायचा आणि मग दुर्मिळ बक्षीस मिळवायचे, असा 'कोम्पु-गाचा' निघाला. काही मुलांच्या खेळाची बिले पालकांना धक्का देणारी आली. अखेर मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार बेकायदा ठरत असल्याचे जाहीर केले. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. अवाजवी बक्षिसांविरुद्धच्या १९६२ सालच्या कायद्याखाली 'चित्रे जुळवून बक्षीस' या प्रकाराला आधीच मनाई होती. तीच लागू झाली. पैसे घेऊन उघडायच्या अशाच पेट्यांना बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरवले.

पिशवीचे तोंड उघडताना

दुसरीकडे, मूळ पिशवी मात्र उघडी होत चालली आहे. अनेक जपानी दुकाने आत काय आहे त्याची यादी आधीच जाहीर करतात. २०१६ सालापासून डेन्मार्कमधून पसरलेल्या 'टू गुड टू गो' या सेवेत बेकरी आणि हॉटेले दिवसाअखेर उरलेले अन्न बंद पिशवीत, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत देतात. इथे पिशवी बंद असण्याला खरे कारण आहे : संध्याकाळी काय उरेल ते दुकानदारालाही सकाळी माहीत नसते.

आपल्याकडच्या वेष्टित मालाच्या नियमांनुसार पाकिटावर आत काय आहे, किती आहे आणि कमाल किंमत किती, हे छापावे लागते. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, ठरवून दिलेले अपवाद सोडता, विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

शिक्षक मित्रांना आम्ही एक छोटा प्रयोग सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एक फासा द्यावा. १ ते ६ हे सर्व आकडे एकदा तरी पडेपर्यंत किती वेळा फासा टाकावा लागला, ते त्याने मोजावे. वर्गाची सरासरी १४.७ च्या जवळ येते का पाहावे. मग चौघाचौघांचे गट करून, जादा पडलेले आकडे एकमेकांना देण्याची मुभा द्यावी आणि पुन्हा मोजावे. दोन सरासऱ्यांतला फरक फळ्यावर लिहिला की वेगळे प्रवचन द्यावे लागणार नाही.

बंद पिशवी मुळात वाईट नाही. वर्षातून एकदा, ओळखीच्या दुकानातून, परवडेल तेवढ्याच पैशांत घेतलेली गंमत ही गंमतच असते. पण घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागावी. कमीत कमी काय मिळेल? चांगले मिळण्याची शक्यता किती? आणि ती शक्यता विकणारा उघडपणे सांगतो आहे का? मित्सुईच्या दुकानाची पाटी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत होती. आजच्या पडद्यावरच्या पिशवीलाही आपण तोच प्रश्न विचारायला हवा.