जसं होतं तसं, म्हणजे कधीचं?

8 ऑगस्ट 2024च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. लगेच मागणी झाली, ‘जसं होतं तसं बांधा.’ आपल्याला आज या मागणीचाच विचार करायचा आहे. जसं होतं, म्हणजे नेमकं कधी होतं तसं?

हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात उभं केलं. तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागेचं कुस्तीचं मैदान. केशवरावांचं नाव त्याला 1957 साली मिळालं. मधल्या शंभर वर्षांत आत काय काय आलं बघा: ध्वनिक्षेपक, नवे दिवे, नव्या खुर्च्या, वेळोवेळची नूतनीकरणं. म्हणजे 2024 साली जळालं ते 1915चं अंतरंग नव्हतंच. ते आगीच्या कितीतरी आधी, थोडंथोडं करत, हरवलं होतं. आग एका रात्रीत दिसते. अशी झीज दिसत नाही.

आता संगणक मदतीला येतो. उरलेल्या भिंतींचं लेसरनं मोजमाप घ्यायचं, त्यातून लाखो बिंदूंचा आराखडा तयार होतो. त्यावर जुने नकाशे, छायाचित्रं, रंगाच्या खरवडलेल्या थरांची नोंद, जुन्या नटांच्या आठवणी बसवायच्या. 1915चं, 1957चं, 2024चं अशी तीन अंतरंगं वेगवेगळी उभी करता येतात. दगडाला एकच रूप घ्यावं लागतं, संगणकाला नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हाच.

पण नाट्यगृह नुसतं दिसत नसतं, ते ऐकूही येतं. केशवराव गायचे तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो गळ्यानं आणि इमारतीनं मिळून. हार्वर्डचे वॉलेस सबीन यांनी 1895पासून खोलीत आवाज किती वेळ घुमतो हे मोजलं. त्यांचं माप होतं उघडी खिडकी: तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. गादी, पडदा, माणूस किती आवाज गिळतो, हे त्यांनी खिडकीच्या भाषेत सांगितलं. दगड आवाज परत फेकतो, गादीची खुर्ची गिळते. म्हणून लाकडी बाकांच्या जागी गुबगुबीत खुर्च्या आणल्या की चित्र फारसं बदलत नाही, गाणं मात्र बदलतं.

व्हेनिसचं ला फेनीचे हे ऑपेरागृह 29 जानेवारी 1996ला जळालं. त्याच्या साधारण दोन महिने आधी दोन संशोधकांनी तिथल्या ध्वनीची मोजणी करून ठेवली होती. ऑपेरागृह डिसेंबर 2003मध्ये पुन्हा उघडलं. मोजणी आगीआधीच होते, नंतर नाही. एवढी साधी गोष्ट, पण आपण ती विसरतो.

आणि एक पथ्य. पडद्यावरचं चित्र इतकं गुळगुळीत असतं, की पुरावा कुठं संपला आणि तर्क कुठं सुरू झाला ते कळतच नाही. लंडन चार्टर नावाच्या नियमावलीनं अशा कामासाठी हेच बजावलं आहे: पुरावा आणि अंदाज वेगळे दाखवा. नक्की माहीत असलेला कोनाडा ठळक रंगात, अंदाजाचा कोनाडा फिक्या रंगात. इतिहासकारानं तरी दुसरं काय करायचं असतं?

इथं करडीत कुणी विचारेल, आमचं काय? आपल्या झाडीपट्टीत मंडप पडतो, रात्रभर नाटक रंगतं, आणि मंडप उतरतो. त्याचं ‘मूळ अंतरंग’ कुणी शोधत नाही. परंपरा माणसांच्या अंगात राहते. कोल्हापूरला हे सांगण्यासारखं आहे. पण उलटही खरं आहे: त्या मंडपाची मापं, रंगमंचाची उंची, गावकऱ्यांची बसण्याची रीत आज कुणी लिहून ठेवली नाही, तर पन्नास वर्षांनी संगणकापुढं बसणाऱ्याच्या हाती फक्त फिका रंग उरेल. एक टेप, एक वही आणि एक फोन, एवढ्यावर हे काम येत्या हंगामात सुरू करता येईल.