कुकरचं हँडल का मोडतं?

कुकरचं काळं हँडल मोडलं की आपण ‘हल्ली मालच हलका येतो’ म्हणून मोकळे होतो. पण तो काळा पदार्थ आहे तरी काय? बॅकेलाईट. आणि त्यात बऱ्याचदा चक्क लाकडाचा बारीक भुसा असतो!

गोष्ट 1907 ची. तेव्हा विजेच्या सामानात इन्सुलेशनसाठी लाख वापरायचे. ती मुख्यतः भारतातून जायची. पण किड्यांनी बनवलेली लाख पुरणार किती? अमेरिकेत स्थायिक झालेला बेल्जियन रसायनतज्ज्ञ लिओ बेकलंड पर्याय शोधत होता. त्याने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून, उष्णता आणि दाब देऊन बॅकेलाईट बनवलं. 1909 मध्ये पेटंटही मिळालं.

हे एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून गॅसजवळ चालतं. मात्र रेणूंची तीच पक्की जाळी लवतही नाही. कुकर पडला, स्क्रू जास्त आवळला, की तडा! नुसती राळ तर आणखी ठिसूळ, म्हणून भुसा घालतात. पण भुसा स्वस्त, राळ महाग... प्रमाण बिघडलं की हँडल कच्चं.

तेव्हा तडा दिसला तर चिकटवत बसू नका. उकळती डाळ अंगावर येण्यापेक्षा नवं हँडल केव्हाही स्वस्त.