खराऱ्याचे कूळ

१७ ऑक्टोबर १६७०. सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत होते. त्यांची वाट अडवायला बुऱ्हाणपुराहून निघालेला दाऊदखान कुरेशी चांदवडला पोचला होता. वणी-दिंडोरीच्या मुलखात दोन्ही फौजा भिडल्या. मोगलांच्या आघाडीवरचा इखलासखान जखमी झाला आणि दिवसभराच्या लढाईनंतर मराठ्यांनी आपली वाट मोकळी करून घेतली. या लढाईतल्या तलवारींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दिवशीच्या घोड्यांचे काय? सुरतेपासून घाटवाटा तुडवत आलेली ती जनावरे त्याच पायांवर आणि त्याच पाठींवर दिवसभर लढली. मजल मारून आलेला घोडा दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो, त्यामागे चंदी, पाणी आणि नाल असतात, तसाच अंगावर फिरलेला हातही असतो.

आज युरोप-अमेरिकेत घोड्यांना मालिश करण्याचे रीतसर शिक्षण मिळते, त्याची प्रमाणपत्रे मिळतात, त्यावर पोटही भरते. नाव नवे असले तरी या कलेचे कूळ फार जुने आहे, आणि आपल्याकडे ते खराऱ्याच्या घरात सापडते.

कुळाचा मूळपुरुष शोधायला गेले तर तो माणूस नाहीच. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, दातांनी हलकेच खाजवतात. कळपात हे रोज चालते. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेमक्या त्याच जागी माणसाने हाताने खाजवले, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यात दिसले. म्हणजे कुठे हात लावावा हे घोड्यांनीच आधी ठरवून ठेवले होते.

माणसाने ही विद्या लिहून ठेवली त्यालाही तीन हजारांहून जास्त वर्षे झाली. मितान्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा पाठ तुर्कस्तानात, हित्तींच्या राजधानीत, मातीच्या विटांवर कोरलेला सापडला. घोडा किती पळवावा, केव्हा धुवावा, केव्हा त्याच्या अंगावर झूल घालावी, याचा दिवसागणिक क्रम त्यात आहे. फेऱ्यांच्या मोजणीसाठी त्यात ‘एकवर्तन’, ‘पंचवर्तन’ यांच्या वळणाचे शब्द आले आहेत. ते आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटतात. पुढे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने आणखी बारकाईने लिहिले. घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही अवजार लावू नये, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने तिथे नुसता हात फिरवावा, असे तो सांगतो. स्वाराला जिथे बसायचे ती जागा दुखावू नये, हे त्यामागचे कारण.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालण्याची त्यात आज्ञा आहे. शालिहोत्र या ऋषीचे नाव तर अश्ववैद्यकाचेच नाव होऊन बसले. विराटाच्या घरी ग्रंथिक नावाने घोडे सांभाळणाऱ्या नकुलाच्या नावावरही एक अश्वशास्त्र सांगितले जाते. त्याची सचित्र पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. या ग्रंथालयाला मोठे रूप दिले ते तिथल्या मराठी राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजींनी.

पोथ्यांतली विद्या पागेत आली की तिला शिस्त लागते. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची मांडणी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. या हिशेबात पाणी आहे, नाल आहे. घोड्याच्या अंगाला रोज हात लावणारा मात्र नावानिशी येत नाही. पण खराऱ्यावाचून पागा चालतच नाही. दात्यांच्या लोखंडी खराऱ्याने चिकटलेला घाम आणि माती सुटी करायची, मग ब्रशने किंवा फडक्याने अंग झाडायचे, आणि शेवटी तळहाताने मान, खांदा, पुठ्ठे रगडायचे. हात फिरता फिरता घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला कळते, खोगिराखाली कुठे गरम लागते, कुठे सूज आहे, कुठे हात लागताच कातडी थरथरते. पाठ लागलेला घोडा लढाईच्या कामाचा राहत नाही, म्हणून हे आधी कळणे जिवावरचे होते.

इंग्रजी रिसाल्यांतही गवताची पेंडी वळून तिने मान, खांदे आणि पुठ्ठे थोपटण्याची रीत होती. कंबर आणि हाडांच्या जागा त्यातून वगळत. घोडा तुकतुकीत दिसावा हा एक हेतू, स्नायू कसदार व्हावेत हा दुसरा. दरम्यान, एकोणिसाव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या योहान मेट्झगर या डॉक्टरने माणसांच्या मालिशीतले हात वर्गवार लावून दिले: लांब हात फिरवणे, मळणे, घासणे, थोपटणे. घोड्यांच्या आजच्या मालिशीत हेच हात शिकवतात. हे दोन प्रवाह एकत्र आणणाऱ्यांत अमेरिकेच्या जॅक मीगर यांचे नाव आधी घेतात. माणसांच्या खेळांतल्या दुखापतींवर काम करणारे मीगर १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या अश्वपथकासोबत होते. १९८५ मध्ये घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर त्यांचे पुस्तक निघाले, आणि पागेतल्या रिवाजाचा स्वतंत्र व्यवसाय झाला.

शिकणाऱ्याला आधी शरीररचना पाठ करावी लागते. घोड्याला गळ्याचे हाड नसते. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि त्यांच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, आणि उभ्या घोड्याचे निम्म्याहून जास्त वजन याच पायांवर असते. म्हणून खांद्याला एवढे महत्त्व. पुढच्या गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच. तिथे कंडरा आणि अस्थिबंध, म्हणून तिथे जोर लावायचा नाही. ताप, उघडी जखम, कातडीचा संसर्ग, किंवा श्रमानंतर स्नायू ताठरून घोडा जागच्या जागी थिजला असेल, तर हात मागे घ्यायचा आणि पशुवैद्याला बोलवायचे. ब्रिटनमध्ये जनावरांवरच्या भौतिकोपचाराला पशुवैद्याचा निर्देश लागतो. आपल्याकडेही १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांकडेच ठेवला आहे, म्हणून मालिश करणाऱ्याने त्यांच्या सल्ल्याने चालावे. मग घोड्याचे उत्तर वाचायला शिकायचे. खालचा ओठ सैल पडला, मान खाली आली, घोडा तोंडातल्या तोंडात चघळू लागला, तर हात बरोबर आहे. कान मागे गेले, शेपटी झटकली, तर नाही.

वणी-दिंडोरीकडे आज घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. पण दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, पुण्या-मुंबईला शर्यती होतात, माथेरानचा दिवस घोड्याच्या पायांवरच निघतो, आणि भीमथडीच्या तट्टाला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. या सगळ्या घोड्यांना खांदे आहेत, पाठी आहेत. ही विद्या महाराष्ट्रात रीतसर शिकवायची झाली, तर परदेशी अभ्यासक्रमातली शरीररचना जरूर घ्यावी. पण पहिले काही महिने विद्यार्थ्याच्या हाती खरारा द्यावा आणि शिकवायला मोतद्दाराला बसवावे, गुरू म्हणून आणि गुरूच्या मानधनावर. बरे करणारा हात आधी ओळखणारा हात असावा लागतो, आणि ती ओळख रोजच्या खराऱ्यातच होते.