दहा लाख एकरांचं गणित

हवामानबदलाचा इतिहास वाचायला घेतला की रॉजर रेव्हेल हे नाव हमखास भेटतं. आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र झटपट गिळून टाकेल, हा भ्रम मोडणारा निबंध त्याने १९५७ साली हान्स झ्यूसबरोबर लिहिला. पण हाच समुद्रशास्त्रज्ञ चार वर्षांनी सिंधूच्या खोऱ्यातल्या खारट शेतांचा हिशोब मांडत होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

झालं होतं असं. इंग्रजांनी पंजाबात कालव्यांचं प्रचंड जाळं विणलं. कालवे कच्चे, त्यामुळे पाणी झिरपत राहिलं आणि भूजलाची पातळी वर्षानुवर्षं वर चढत गेली. पाणी मुळांपर्यंत आलं, उन्हाने उडून गेलं आणि मीठ मागे राहिलं. शिरोळ-सांगलीकडच्या ऊसवाल्यांना ही क्षारपड जमीन समजावून सांगायला नको!

१९६० साली सिंधू पाणीवाटप करार झाला. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे. नद्यांची वाटणी झाली, जमिनीखालच्या पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. १९६१ मध्ये अय्यूब खान वॉशिंग्टनला गेले, तेव्हा त्यांनी केनेडींकडे हे दुखणं मांडलं. अय्यूब यांचे विज्ञान सल्लागार होते अब्दुस सलाम, पुढे नोबेल मिळवणारे. केनेडींनी रेव्हेलच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचा गट नेमला. त्यात शेतीतज्ज्ञ होते, अभियंते होते आणि हार्वर्डचे रॉबर्ट डॉर्फमनसारखे अर्थतज्ज्ञसुद्धा.

उपाय साधा होता. कूपनलिका मारा, पाणी उपसा, पातळी खाली आणा. तेच पाणी पिकाला द्या, म्हणजे मीठही धुऊन जाईल. मग घोडं कुठे अडलं होतं? आकारात! छोट्या तुकड्यातलं पाणी उपसलं की चारही कडांनी बाजूचं पाणी आत येतं. पण चौकोनाची बाजू दुप्पट केली तर परीघ दुप्पट होतो आणि क्षेत्रफळ चौपट. म्हणजे तुकडा जितका मोठा, तितकी कडांची गळती तुलनेने कमी. म्हणून गटाने सुचवलं की एकेक प्रकल्प साधारण दहा लाख एकरांचा हवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला स्केलिंग म्हणतो ते हेच. अहवाल १९६४ मध्ये आला.

गणित बरोबर होतं. पण पुढे जे घडलं ते गणिताबाहेरचं. सरकारी कूपनलिकांच्या पाठोपाठ शेतकऱ्यांनी स्वतःचे पंप बसवले, लाखोंनी. तोट्यातल्या सरकारी कूपनलिका नंतर टप्प्याटप्प्याने बंद केल्या गेल्या. आज पाकिस्तानी पंजाबच्या कित्येक भागांत तक्रार उलटी आहे, पाणी खोल चाललंय. सीमेच्या अलीकडे आपल्या पंजाबातही तेच. पाणी किती उपसायचं हे विद्वानांनी सांगितलं. कधी थांबायचं आणि थांबवायचं कुणी, हे कुणीच ठरवलं नाही.

आता त्यात रेव्हेलचा दुसरा हिशोबही येऊन मिळालाय. हिमनद्या आक्रसतायत, २०१० आणि २०२२ च्या पुरांनी पाकिस्तानात हाहाकार माजवला. १९६० च्या करारात हवामानबदलाचा शब्दही नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो करारच स्थगित केला. राजकारण आपल्या जागी. पण जमिनीखालचं पाणी सीमा ओळखत नाही, त्याची मोजणी तरी दोन्हीकडच्या विद्यापीठांनी मिळून करायला हवी. निदान खड्डा किती खोल गेलाय, ते तरी कळेल!