सीमेवरच्या गावातून: बायकोचा छळ आणि दोन कायदे

लाटंबार्से हा डिचोली तालुक्यातला सीमेवरचा गाव. पलीकडे दोडामार्ग. सोयरिकी दोन्हीकडे होतात, पण १९६१ पर्यंत मधे दोन राजवटींची हद्द होती. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला कुठल्या बाजूला कायद्याचा काय आधार होता, एवढंच मी इथे मांडतो.

पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. क्रूर वागणूक आणि गंभीर अपमान ही तिच्यात विभक्त होण्याची कारणं होती. व्यभिचाराचं माप मात्र दोन. बायकोचा व्यभिचार तेवढाच पुरे. नवऱ्याचा असेल तर गावभर बोभाटा, बायकोला टाकणं किंवा घरातच दुसरी ठेवणं, असलं काही दाखवावं लागे. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर ३ नोव्हेंबर १९१० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला आणि पुढे तो गोव्यातही आला. त्यात छळ हे थेट घटस्फोटाचं कारण ठरलं, व्यभिचाराचं मापही एक झालं.

पलीकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून फक्त न्यायालयीन विभक्तता मिळे. घटस्फोट मिळू लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर. म्हणजे कागदावर गोवा कितीतरी दशकं पुढे.

पण कागद पोर्तुगीजमध्ये, आणि गावची बाई बोलणार कोंकणी-मराठी. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्तेत तिचा अर्धा वाटा, पण कारभार नवऱ्याच्या हातात. घर सोडायचं तर खायचं काय? माहेरचे म्हणणार, सासुरवास कोणाला चुकलाय! असा छळ नशिबात जमा होई.

जुना कायदा सांगायचा, बाहेर कसं पडायचं. घरात राहून मार कसा थांबवायचा, याला उत्तर आलं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे, गोव्यातही. शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही त्यात आला. लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहणारेही आले. मुख्य म्हणजे, घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क मिळाला.

म्हणून जुन्या दप्तरात असले दावे थोडे सापडले, तर 'आमच्या गावात असलं काही नव्हतं' असा अर्थ मी काढणार नाही. दावा करायला आधी रात्री टेकायला जागा लागते.