सोंगटीची बढती

पटावर खेळावयाच्या खेळांत सोंगटीइतका विसराळू गडी दुसरा नाही. डाव मोडला, सोंगट्या पिशवीत गेल्या, की त्यांच्या पराक्रमाचा आणि पराभवाचा हिशेब तिथेच संपतो. बुद्धिबळातले प्यादे शत्रूच्या मुलखातून वाट काढीत शेवटच्या घरी पोचते आणि त्याचा वजीर होतो. बढतीचे इतके जुने आणि इतके सुंदर उदाहरण खेळांच्या इतिहासात क्वचितच आढळेल. पण नवा डाव मांडला की कालचा वजीर आज पुन्हा प्याद्यांच्या रांगेत मुकाट्याने उभा राहतो. आपल्याकडील मोक्षपटाचेही तसेच. महाराष्ट्रातील परंपरा ज्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते त्या ह्या पटावर सोंगटी म्हणजे जीव, शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. सोंगटी वर चढते, खाली घसरते; परंतु बदलते ती तिची जागा. पहिल्या ओळीतली आणि मोक्षाच्या दाराशी उभी असलेली सोंगटी अंगाने अगदी एकसारखी असते. दोघींना फासा एकच आणि बळही एकच.

ह्या सोंगटीला स्मृती कशी मिळाली, तिने कमावलेले तिच्याच अंगी कसे राहू लागले, ही कथा श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे. ती घडली अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ह्या दोन शेजारी राज्यांत, आणि तिचा काळ फार लांबचा नाही.

तिचे मूळ मात्र युद्धखेळात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर लढाया मांडण्याची पद्धत रूढ झाली, आणि निवाडा देण्यासाठी मध्यस्थ पंच बसू लागला. पुढे हा नाद हौशी लोकांनी उचलला. मेजावर शिशाचे शिपाई मांडून नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढणारी तरुण मंडळी १९६० नंतर अमेरिकेत बरीच होती. मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल ह्या जुळ्या शहरांतल्या अशाच एका गटात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली एक वेगळा डाव मांडला. ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक प्रशियन गाव घेऊन त्यांनी प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडू सेनापती न राहता पात्र झाला. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी त्याच गटातील डेव्ह आर्नेसन यांनी चढली. १९७१ साली त्यांनी ब्लॅकमूर नावाचे एक काल्पनिक राज्य उभे केले; त्यात एक गढी, आणि गढीच्या पोटात भुयारांचे जाळे. अंधाऱ्या दालनांत राक्षस, राक्षसांपाशी धन. पटावरच्या भुयारखेळाची परंपरा इथून सुरू होते. आर्नेसन यांनी आधारास घेतलेल्या नियमांत विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गावचे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे पुस्तक होते. त्यात ‘वीर’ नावाची सोंगटी चार शिपायांच्या तोलाची, आणि तिच्यावरची आठ शिपायांच्या तोलाची. ह्या दुसरीला आपण महारथी म्हणू. रथी, अतिरथी, महारथी ही श्रेणी आपल्या कानांना परिचितच आहे. परंतु ह्या श्रेणी जन्मजात होत्या. शिपाई तो शिपाई, वीर तो वीर.

भुयारात उतरलेल्या खेळाडूंना हे मानवेना. एका घावासरशी शिपाई पटावरून उचलावयाचा, हा नियम पलटणीला ठीक. पण ज्या एकट्या सोंगटीला आपण नाव दिले, ती अशी जाऊ कशी द्यावी? आर्नेसन यांच्याच सांगण्याप्रमाणे त्यांनी आरमारी युद्धखेळातील एक युक्ती इथे आणली. जहाज जसे एका गोळ्याने बुडत नाही, काही मारा सोसते, तसे माणसालाही सोसण्याचे माप ठरवून दिले. आणि जो जगून वर आला, त्याने आणलेल्या धनाची नोंद राहू लागली. त्यात एक मोठी गमतीची अट होती. धन नुसते वर आणून भागत नसे. कीर्ती, धर्म, मदिरा किंवा एखादा छंद, ज्याची ज्यात आवड त्यात ते उडवावे, तेव्हा अनुभव पदरी पडे. कंजूष माणूस शहाणा होत नाही, हे मानवी स्वभावाचे निरीक्षण एका खेळाच्या नियमात येऊन बसले, याचे मला फार कौतुक वाटते.

ह्याच गटात डेव्हिड मेगरी नावाचे एक खेळाडू होते. पंचावाचून खेळता येईल असा भुयाराचा साधा पट त्यांनी १९७२ साली आखला. गायगॅक्स यांच्या ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ह्या संस्थेने तो १९७५ साली ‘डन्जन’ ह्या नावाने प्रसिद्ध केला. रचना अगदी सुटसुटीत आहे. सहा पातळ्यांचे भुयार. जितके खोल जावे तितका राक्षस भयंकर आणि धन मोठे. दोन फासे टाकून लढाई. ठरलेले धन घेऊन जो प्रथम जिन्यापाशी परतेल तो जिंकला. सोंगट्या चार प्रकारच्या: युरोपीय लोककथांतला एल्फ, वीर, महारथी आणि जादूगार. एल्फ व वीर यांनी १०,००० मोहरा आणल्या की पुरे, महारथीला २०,००० आणि जादूगाराला ३०,०००. बलवानाचे लक्ष्य दूर आणि दुबळ्याचे जवळ. समतोल साधण्याची ही तोड किती सोपी!

परंतु ह्या पटावर बढती नाही. वीर कितीही राक्षस मारो, तो महारथी होत नाही. ह्याच्या एक वर्ष आधी, १९७४ साली, गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने निघाला होता. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,०००. त्यात हीच दोन नावे एका जिन्यात बसविलेली दिसतात. योद्धा दुसऱ्या पायरीवर चढतो तो २,००० गुणांनी, आणि पुढे हा आकडा जवळजवळ दुप्पट होत जातो. ८,००० गुणांना चौथी पायरी, म्हणजे वीर. १,२०,००० ना आठवी, म्हणजे महारथी. २,४०,००० ना नववी. वर आणलेली एक मोहोर म्हणजे एक गुण. मेगरींच्या पटावर जे दोन परके गडी शेजारीशेजारी उभे आहेत, तेच इथे एकाच माणसाच्या आयुष्याचे दोन टप्पे झाले. ह्या कल्पनेचे श्रेय आणि मोल कोणाचे, यावरून पुढे दोघा कर्त्यांत वितुष्ट आले. आर्नेसन यांनी १९७९ साली दावा लावला आणि १९८१ साली तडजोड झाली.

आता समजा, मेगरींच्या साध्या पटावर बढती आणावयाची झाली. १०,००० मोहरा आणणाऱ्या वीराला महारथी करावे आणि त्याचे लक्ष्य २०,००० वर न्यावे, असे कोणालाही प्रथम सुचेल. दिसते सोपे, पण इथेच खरी अडचण उभी राहते. हा खेळ शर्यतीचा आहे. ज्याच्या हाती तलवार आधी लागली तो आधी खोल उतरणार, मोठे धन आणणार, आणि त्या धनाने आणखी बलवान होणार. पैशाकडे पैसा जातो, तसा हा प्रकार. मागे राहिलेल्याने मग फासे टाकावेत तरी कशासाठी? बढतीबरोबर लक्ष्य लांबविणे हा ह्यावरचा अर्धा उपाय झाला. अर्धा म्हणण्याचे कारण हे, की मृत्यूचा प्रश्न तसाच राहतो. मेगरींच्या पटावर मेलेला गडी धन गमावून बसतो, आणि खेळाडू नवी सोंगटी घेऊन जिन्यापासून पुन्हा सुरुवात करतो. हळहळ घटकाभराची. पण जी सोंगटी दहा संध्याकाळी खपून महारथी झाली, ती एका फाशाने गेली तर मेजाभोवती खरोखरच सुतकासारखी शांतता पसरते. स्मृती दिली की वियोगही पदरात येतो.

१९८९ साली निघालेल्या ‘हीरोक्वेस्ट’ने ह्यातून मोठ्या शहाणपणाने वाट काढली. स्टीफन बेकर यांनी रचलेला हा खेळ मिल्टन ब्रॅडली ह्या कंपनीने गेम्स वर्कशॉपच्या साहाय्याने काढला. इथे चार वीर एका पक्षाचे आणि दुष्ट मांत्रिकाची बाजू घेणारा पाचवा खेळाडू समोर; त्यामुळे शर्यतीचा प्रश्नच मिटला. मोहिमा चौदा. दोन मोहिमांच्या मध्ये जमलेल्या सोन्यातून शस्त्रे विकत घ्यावयाची. बुटका वीर दोन फाशांनी लढत असेल, तर रुंद पात्याची तलवार घेतल्यावर तीन फाशांनी लढतो. त्याचे शरीरबळ मात्र होते तितकेच राहते. माणूस वाढत नाही, त्याचे हत्यार वाढते. साध्या पटाला एवढी बढती पुरेशी आहे, असे माझे मत आहे. कागदावर सोन्याचा आकडा आणि चार वस्तूंची नावे, एवढ्यात सगळी नोंद मावते आणि लहान मुलालाही ती ठेवता येते. उणीव एकच. दुकानातील सारे घेऊन झाले की पुढचे सोने नुसते साचत राहते. १९९५ च्या ‘वॉरहॅमर क्वेस्ट’ने दहा पायऱ्या ठेवल्या आणि पायरी चढण्यासाठी नगरात जाऊन शिक्षणावर सोने खर्चण्याची अट घातली. आर्नेसन यांची जुनी युक्ती अशी निराळ्या वेषात परत आली.

उरतो प्रश्न भुयाराचा. गडी बलवान झाला आणि राक्षस होते तितकेच राहिले, तर खेळात राम उरत नाही. १९७४ च्या पुस्तिकेत ह्यावर अपूर्णांकाचा तोडगा होता: आठव्या पायरीचा गडी पाचव्या मजल्यावर लढला तर त्याला ५/८ एवढाच अनुभव. बलवानाने दुबळ्यांत मिरवू नये, एवढेच हा नियम सांगतो. राक्षसांना तो हात लावीत नाही. पुढील रचनाकारांनी राक्षसच वाढविले. केविन विल्सन यांच्या ‘डिसेंट’ ह्या २००५ च्या खेळात प्रत्येक डाव कोऱ्या पाटीने सुरू होई. ‘रोड टू लेजंड’ ही २००८ ची पुरवणी आली, आणि तयार पटावर मागाहून बढती बसविली गेली. तीत वीरांबरोबर राक्षसही श्रेणीश्रेणीने चढत जातात, आणि विरोधी खेळाडूही आपली कमाई साठवितो. यावर एक शंका मनात येते. आपण एक पायरी चढलो आणि भिंतीही तेवढ्याच उंच झाल्या, तर आपण चढलो कुठे? उत्तर असे, की निव्वळ बळाची वाढ फसवी आहे. नवी चाल, नवा डावपेच हाती आला तरच गडी खरोखर वाढला असे म्हणता येते.

आयझॅक चिल्ड्रेस यांच्या २०१७ सालच्या ‘ग्लूमहेवन’मध्ये हे नेमके ओळखलेले दिसते. इथे पायऱ्या नऊ. दर पायरीला गड्याच्या हाती एक नवे पान, म्हणजे एक नवी चाल येते. गड्यांच्या पायऱ्यांची सरासरी काढून तिच्या निम्म्याने भुयाराची कठीणता ठरते, आणि अपूर्णांक आला तर तो वरच्या आकड्याला नेतात. पण मला विशेष वाटली ती निवृत्तीची योजना. प्रत्येक गड्याला आरंभी एक खाजगी मनोरथ दिलेले असते, आणि ते पुरे होताच त्याने खेळातून बाहेर पडावयाचे, मग तो कितव्याही पायरीवर असो. वानप्रस्थच म्हणा ना! कित्येक महिने जपलेली सोंगटी हातावेगळी करताना खेळाडूचा जीव खालीवर होतो, पण तिच्या जाण्याने बंद ठेवलेली एक नवी पेटी उघडते आणि तीतून अनोळखी गडी बाहेर येतो. तो पहिल्या पायरीवरून निघू शकतो. आणि आधीच्यांच्या कमाईने नगराची भरभराट झाली असेल, तर तिच्या मानाने वरच्या पायरीवरूनही.