मिलानचे ला स्काला

श्रोतेहो, ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. आपल्याकडे पात्रे बोलता बोलता पद म्हणू लागतात. इटालियन ऑपेरात बहुतेक सारेच गाऊन चालते. प्रेम गाऊन, भांडण गाऊन, मरणसुद्धा गाऊन! हा थाट ऐकून तुम्ही म्हणाल, हे शहरी श्रीमंतांचे चोचले. तर मग इटलीतल्या मिलान शहराची हकीकत ऐका.

तिथले ला स्काला नाट्यगृह १७७८ साली उघडले, तेव्हा राज्य ऑस्ट्रियाचे होते. खालचे सज्जे धनिकांच्या मालकीचे, गोरगरिबांनी वर माळ्यावर बसायचे. मार्च १८४२ मध्ये तिथे व्हेर्दीचा 'नाबुक्को' लागला. हा व्हेर्दी खेड्यातल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. दहा वर्षांपूर्वी याच शहरातल्या संगीत विद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला होता! 'नाबुक्को'मध्ये बाबिलोनचे यहुदी बंदिवान हरवलेल्या मायभूमीसाठी एका सुरात गातात. पुढे इटलीच्या लोकांना ते गाणे आपलेच वाटू लागले. १९०१ साली व्हेर्दी वारला, तेव्हा अफाट जनसमुदायासमोर शेकडो गायकांनी तेच गाइले. त्यांचे संचालन केले तोस्कानिनीने.

नंतर मुसोलिनीचा अंमल आला. त्याच्या पक्षाचे गीत वाजवायला तोस्कानिनीने नकार दिला. त्याबद्दल १९३१ साली बोलोन्या शहरात त्याला मारहाण झाली. पुढे त्याने देश सोडला. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे ला स्कालाचा गायकवृंद शिकवणारा यहुदी गुरू व्हेनेझियानी यालाही जावे लागले. ऑगस्ट १९४३ मध्ये बाँब पडले अन् नाट्यगृहाचे छप्पर कोसळले.

घरेदारे पडलेली, अन्नाची टंचाई, तरी युद्ध संपताच मिलानने नाट्यगृह उभारायला घेतले. ११ मे १९४६ रोजी ते पुन्हा उघडले. तोस्कानिनी परतला होता, व्हेनेझियानीही आपल्या जागी आला होता. आत मावले नाहीत त्यांच्यासाठी बाहेर चौकांत कर्णे लावले होते. त्या रात्री बंदिवानांचे ते गाणे पुन्हा झाले. वंशावरून घालवलेल्या गुरूच्या हाताखाली गायकवृंद ते गात होता, अन् चौकातली माणसे उभ्याने ऐकत होती.

शिक्षकमित्रांनो, युद्धाचा धडा शिकवताना या तारखेचीही फळ्यावर नोंद करा. छप्पर तर गवंडीही घालून देतो. पण घालवलेली माणसे परत आली, तेव्हाच ते घर गाते झाले.